फुकटची विद्या आणि 160 चौरस फूट

मोफत ऑनलाइन शिक्षण म्हणजे असे शिक्षण की ज्यात शिकवणाऱ्यास शिकणाऱ्याचे तोंड दिसत नाही, शिकणाऱ्याच्या खिशास तोशीस पडत नाही, आणि म्हणूनच मधेच वर्गातून उठून गेल्याची खंत दोघांपैकी कोणासही वाटत नाही. आपल्याकडे या शिक्षणाचा मोठा आधार म्हणजे केंद्र सरकारचे ‘स्वयं’ हे व्यासपीठ. 9 जुलै 2017 रोजी राष्ट्रपती प्रणव मुखर्जी यांच्या हस्ते त्याचा आरंभ झाला आणि नववीपासून पदव्युत्तर वर्गापर्यंतचे विषय त्यावर आले. आयआयटी आणि बंगळूरची भारतीय विज्ञान संस्था यांचा एनपीटेल हा प्रकल्प तर 2003 पासूनच अभियांत्रिकीची व्याख्याने चित्रित करून ठेवू लागला होता. परिणामी लालबागच्या चाळीतील तरुणास रात्रीचे जेवण आटोपल्यावर एकाच बैठकीत पुंजभौतिकी, पुरातत्त्व, हिशेबशास्त्र आणि सेंद्रिय शेती या चारही विषयांत नाव घालता येते. शेवटच्या विषयास लागणारी जमीन गॅलरीतल्या तुळशीच्या कुंडीत असतेच.

नाव घालणे ही या पद्धतीतील सर्वांत समाधानकारक पायरी होय, कारण तीत विद्वत्तेचा आनंद पुरेपूर मिळतो आणि श्रम ओटीपी टाकण्यापुरते पडतात. नाव घालणाऱ्यांपैकी शेवटपर्यंत पोचणारे बहुधा शेकडा दहाच्या आत असतात, असे जगभरच्या पाहण्यांत वारंवार आढळले आहे. परंतु उरलेले नव्वद दुःखी असतात असे मात्र कोणत्याही पाहणीत आढळल्याचे ऐकिवात नाही.

येथे ‘मोफत’ या संज्ञेची मर्यादा स्पष्ट केली पाहिजे. व्याख्यान फुकट असते. प्रमाणपत्र हवे असल्यास केंद्रावर जाऊन परीक्षा द्यावी लागते आणि तिची फी भरावी लागते, जी एनपीटेलने अनेक वर्षे 1000 रुपये ठेवली. लालबागकरांस ही व्यवस्था समजावून सांगण्याची गरज पडत नाही, कारण ‘लालबागचा राजा’ या गणपतीच्या मंडपापाशी मुखदर्शनाची रांग वेगळी आणि नवसाची वेगळी असते, पहिलीतून लांबून हात जोडून माणूस बाहेर पडतो आणि चरणांपर्यंत पोचायचे तर दुसरीत रात्रच्या रात्र काढावी लागते. पुढे विद्यापीठ अनुदान आयोगाने 2021 साली एका सत्रातील 40 टक्क्यांपर्यंत अभ्यासक्रम ‘स्वयं’वरून पुरे करण्याची मुभा विद्यापीठांना दिली, आणि ज्या महाविद्यालयांत प्राध्यापकांच्या जागा वर्षानुवर्षे रिकाम्या होत्या, त्यांना ज्ञानाच्या लोकशाहीकरणाचा एकाएकी कळवळा आला.

या व्यवस्थेचे वेळापत्रक आखणाऱ्यांनी लालबाग-परळ नकाशावरही पाहिले नसावे, अशी शंका घेण्यास जागा आहे. वर्षात दोन सत्रे, त्यांतले एक जुलैत सुरू होणारे; म्हणजे आठवड्याचा स्वाध्याय, अर्थात ठरल्या तारखेच्या आत सोडवून पाठवावयाची प्रश्नावली, जेव्हा ऐन कठीण होऊ लागतो तेव्हा मूर्तिशाळांतून मूर्ती बाहेर पडू लागतात, ढोलपथकांचा सराव चालू असतो आणि विद्यार्थी मंडपाच्या बांबूवर चढलेला असतो. विसर्जनाची मिरवणूक लालबागहून गिरगाव चौपाटीस पोचेपर्यंत त्याचे निदान दोन स्वाध्याय बुडालेले असतात, आणि मग नवरात्र येते.

उत्सव संपला तरी खोली उरते. बीडीडी चाळी, म्हणजे 1920च्या दशकात बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंटने बांधलेल्या कामगारांच्या चाळी, यांतील खोली सुमारे 160 चौरस फुटांची. तिच्यात ओट्यावर पिठाच्या डब्याला टेकवून ठेवलेल्या मोबाइलमध्ये प्राध्यापक उष्मागतिकी शिकवीत असतात, शेजारी कुकर त्याच विषयाचे प्रात्यक्षिक दाखवीत असतो, कॉटवर आजोबांच्या बातम्या चालू असतात, आणि साडेआठ वाजता मालिका सुरू झाली की उष्मागतिकीस कानात इअरफोन घालून गॅलरीत जावे लागते. वरळीतील चाळींच्या मुलांनी रस्त्याच्या दिव्याखाली, पदपथावर बसून अभ्यास केल्यामुळे तेथील एका रस्त्यास ‘अभ्यास गल्ली’ हे नाव पडले, ते तेथील हवा विद्येस मानवते म्हणून नव्हे.

फुकट शिकवण्याची हौस मुंबईस नवी नाही. एल्फिन्स्टन संस्थेच्या मंडळींनी 1848 साली काढलेल्या ज्ञानप्रसारक सभेत मराठीतून शास्त्रीय विषयांवर निबंध वाचले जात. परंतु या संदर्भात खरे पाहण्याजोगे काम नारायण मल्हार जोशी यांच्या सोशल सर्व्हिस लीगचे, जी 1911 साली स्थापन झाली आणि जिने गिरणगावात, म्हणजे लालबाग-परळच्या गिरण्यांच्या भागात, कामगारांसाठी रात्रशाळा व वाचनालये चालवली. पाळी संपवून, अंगावरचा कापूस झटकून आलेल्या कामगारास तेथे धड्याबरोबर दिवा, बाक आणि ‘काल कुठे होतास?’ असे विचारणारा मास्तर मिळे. आजच्या व्यासपीठांनी यांतील धडा तेवढा ठेवला, तो देशातील उत्तमोत्तम प्राध्यापकांकडून घेतला आणि बाकीच्या तीन गोष्टी तंत्रज्ञानाने अनावश्यक झाल्या असे जाहीर केले. ज्या रस्त्यास ना. म. जोशी यांचे नाव आहे, त्याच रस्त्यावर बीडीडी चाळी उभ्या राहिल्या, हा योगायोग व्यासपीठांच्या आखणीत विचारात घेतला गेल्याचे दिसत नाही.

या तीन गोष्टींच्या उणिवेवर एक उपाय सुचवता येण्यासारखा आहे. कोणत्या खोलीने वर्गणी दिली नाही, कोणाचा मुलगा आरतीस आला नाही आणि का आला नाही, हे ज्या गणेशोत्सव मंडळांना वहीत न पाहता तोंडपाठ असते, त्यांच्याकडे ‘स्वयं’चे हजेरीपत्रक सोपवावे. मंडळाचे कार्यालय वर्षातले बरेच महिने रिकामेच असते, त्यात ट्यूबलाइट आहे, कॅरमबोर्ड उभा करून ठेवल्यास बसण्यापुरती जागाही होते. स्वाध्याय चुकवणाऱ्याचे नाव फळ्यावर लिहावे. फळा नाक्यावर असावा. यास व्यासपीठांची हरकत असण्याचे कारण नाही. हरकत आलीच तर ती मंडळाकडून येईल, कारण सत्यनारायणाच्या दिवशी होणाऱ्या विद्यार्थी गुणगौरवाच्या यादीत या मुलांचीही नावे घालावी लागतील, आणि यादीत नाव घालण्याचा मंडळाचा नियम कडक आहे: प्रमाणपत्राच्या दोन झेरॉक्स, आठ दिवस आधी.