छत्तीस गुण, छत्तीस फोटो

ऐकलंत का? नसेल ऐकलं. आधी दार ओढून घ्या, मग सांगते.

मानेसरात आम्ही मराठी घरं मोजकीच. कुणी चाकणच्या कारखान्यातून बदलीवर आलेलं, कुणी नाशिकहून सुट्या भागांच्या कामामागे आलेलं. नवरे शिफ्टमध्ये, बायका भिशीत. भिशीचे विषयही ठरलेले: हायवेवरचा ट्रॅफिक, पाण्याचा टँकर आणि इथे चांगला नारळ का मिळत नाही. गेल्या भिशीत मात्र नारळाचं नावही निघालं नाही. कारण चिंचवडच्या ताईंच्या मुलाचं लग्न झालं, आणि त्यात ड्रोन नव्हता.

पुन्हा सांगते. ड्रोन. नव्हता.

अरवलीच्या पायथ्याचं रिसॉर्ट, सातशे पाहुणे, मुलगी गुरुग्रामची, मुलाला पगार सांगण्यासारखा. इथे बारशालाही ड्रोन घरघरतो हो! लग्नात तर क्रेनवरचा कॅमेरा, भिंतभर स्क्रीन, आणि नवरीच्या मेंदीचा पिक्चर संध्याकाळच्या आत सगळ्यांच्या फोनवर. आणि या मुलाने काय करावं? एक दाढीवाला पोरगा बोलावला. त्याच्या हातात केस वाळवायच्या यंत्राएवढा जुना कॅमेरा. त्यातून शिलाई मशीनसारखा कुर्रर्र आवाज. मी ताईंना हळूच विचारलं, ‘बजेट कमी पडलं का हो?’ तर म्हणाल्या, ‘उलट वाढलं! हे फिल्मवर आहे. सुपर एट.’

फिल्मवर! म्हणजे तीच ती, रिळाची, काळोखात धुवायची. आपल्या लग्नात जिच्यापासून सुटका झाली म्हणून आपण सुस्कारा टाकला होता, ती आता दुप्पट पैसे देऊन परत आणली आहे.

हे सुपर एट म्हणजे कोडॅकने 1965 साली घरगुती हौसेसाठी काढलेलं प्रकरण. आठ मिलिमीटर रुंदीची फिल्म, प्लॅस्टिकच्या काडतुसात बंद. एका काडतुसात पन्नास फूट, म्हणजे तीन हजार सहाशे चित्रं. सेकंदाला चोवीसने पळवली की अडीच मिनिटांत खलास. अडीच मिनिटं! आपल्याकडे नवरीची मैत्रीण उखाणा आठवायलाच तेवढा वेळ घेते. ताईंच्या मुलाने आणली होती दहा काडतुसं. करा हिशेब. दोन दिवसांचं लग्न आणि पंचवीस मिनिटं!

त्यात तो मुलगा दिवसभर फोनवर मोठ्याने विचारत होता, ‘काडतुसं पोचली का? सगळी दहा आली का? गरम जागी ठेवू नका, खराब होतील!’ अहो, मानेसर आहे हे. पलीकडे एनएसजीच्या कमांडोंचा तळ. आमच्या ह्यांना दरदरून घाम फुटला.

आता मंगलाष्टकांचं ऐका. कोल्हापूरच्या वहिनींच्या यजमानांनी स्वतः रचलेली मंगलाष्टकं म्हटली. महिनाभर तालीम केली होती, प्रत्येक कडव्यात दोन्हीकडच्या मंडळींची नावं गुंफलेली. आणि तो दाढीवाला कॅमेरा खाली धरून उभा! वहिनींनी डोळ्यांनी खुणावलं, खाकरून झालं, शेवटी कोपराने ढोसलं. ढिम्म. ‘सावधान’ची शेवटची आरोळी आली, अंतरपाट सरकला, तेव्हा स्वारीने कॅमेरा उचलला. कुर्रर्र. नऊ सेकंद. बंद. वहिनी अजून त्या नऊ सेकंदांवर बोलत आहेत.

नवरदेवाची बहीण तर आणखी पुढे. तिच्या गळ्यात साधा फिल्मचा कॅमेरा, छत्तीसचा रोल. आम्ही बायका नथी सावरून, पदर सारखे करून ओळीने उभ्या राहिलो, गालाला रग लागेस्तोवर हसलो. तिने डोळा लावला, पाहिलं, आणि कॅमेरा खाली घेतला. ‘सॉरी मावशी, लाइट बरोबर नाही. अकराच उरलेत.’ न काढलेल्या फोटोसाठी हसण्याचा अपमान माझ्या वाट्याला पहिल्यांदाच आला. नाशिकच्या काकू म्हणाल्या, पत्रिकेत छत्तीसपैकी अठरा गुण जुळले तरी लग्न होतं, हिच्या छत्तीसात आपला एकही जुळेना.

आणि फ्रिजची भानगड तर वेगळीच. लग्न डिसेंबरात, पण रोल मे महिन्यात आले. मानेसरचा मे तुम्हाला ठाऊक आहे, पारा पंचेचाळिसाला टेकतो. उष्णतेने फिल्मचे रंग बिघडतात म्हणून सात महिने रोल फ्रिजमध्ये, श्रीखंडाच्या डब्याला खेटून. वर चिठ्ठी: ‘खाऊ नये.’ पुण्याहून दोन रोल मागवले होते, तर आणणाऱ्या भाच्याला विमानाने येऊ दिलं नाही! तपासणीच्या यंत्रातल्या किरणांनी फिल्मवर धुकं चढतं म्हणे. हे अगदीच खोटं नाही. नव्या तऱ्हेच्या स्कॅनरमधून न धुतलेली फिल्म गेली की डाग पडतात. तर तो भाचा रात्रभर रेल्वेने, रोल मांडीवर घेऊन. सासूबाईंची औषधं सामानात, रोल मांडीवर.

शाकाहारी मंडळींसाठी तर खास बातमी. मुलीकडची माणसं इतकी कडक की जेवणात कांदा-लसूणही नव्हता. आणि फिल्म कशाची? चांदीच्या क्षाराचे कण जिलेटिनमध्ये बसवून ते पट्टीवर फासायचं. जिलेटिन कशाचं? जनावरांच्या हाडांचं, कातड्याचं. हे मी भर पंक्तीत सांगणार होते, ह्यांनी चिमटा काढला.

ही लागण आली कुठून, ते मी शोधून काढलं. गुन्हेगार हॉलिवूडमध्ये आहेत. खरं तर हे दुखणं केव्हाच बरं व्हायला आलं होतं. 2011 पर्यंत मोठ्या कंपन्यांनी फिल्मचे नवे सिनेकॅमेरे बनवणं गुपचूप बंद केलं. 2012 च्या जानेवारीत कोडॅकने दिवाळखोरीचा अर्ज केला. 2013 मध्ये फुजीने सिनेमाची फिल्म थांबवली. गावोगावच्या थेटरांत सिनेमा उपग्रहावरून उतरू लागला, प्रोजेक्टर भंगारात गेले. आपल्या जत्रांतले तंबूही सुटले नाहीत. शर्ली अब्राहम आणि अमित मधेशिया यांचा ‘द सिनेमा ट्रॅव्हलर्स’ हा 2016 चा माहितीपट बघा, महाराष्ट्रातल्या टुरिंग टॉकीजवरचा. ट्रकवर लादलेला गंजका प्रोजेक्टर, फाटका तंबू, बाहेर ताटकळलेली गर्दी आणि वेळेवर न आलेलं रीळ. तो बघताना मात्र मी थट्टा विसरले होते. असो.

तर मरणपंथाला लागलेल्या त्या फिल्मला वाचवायला कोण धावलं? नोलन, टॅरंटिनो आणि मंडळी, तिकडचे दिग्दर्शक. त्यांनी गळ घातली आणि 2015 च्या फेब्रुवारीत हॉलिवूडच्या सहा मोठ्या स्टुडिओंनी कोडॅकशी करार केले की, लागो न लागो, ठरलेली फिल्म आम्ही विकत घेऊ. याला काय म्हणायचं? भाजीवाली उपाशी राहू नये म्हणून रोज दोन किलो दोडका घ्यायचा, घरात कुणी खात नसलं तरी! बरं, नोलनसाहेब तेवढ्यावर थांबले नाहीत. 2018 मध्ये फिल्म हेरिटेज फाउंडेशनच्या बोलावण्यावरून ते थेट मुंबईत आले आणि फिल्म जपा म्हणून सांगून गेले. त्यांच्या ‘ओपनहायमर’ची 2023 मधली सर्वांत मोठी प्रिंट साधारण अठरा किलोमीटर लांबीची, वजन पावणेतीनशे किलोंच्या आसपास. आमच्या गेटपासून उलगडायला घेतली तर खेडकी दौला मागे टाकून गुरुग्रामात शिरेल. ती प्रिंट दाखवू शकणारे पडदे तेव्हा जगात तीस. भारतात? एकही नव्हता. मग इथली पोरं काय करतात? परदेशी जाण्याचे बेत आखतात. नोलनसाहेबांचाच ‘द ओडिसी’ 2026 च्या जुलैतला, त्याची फिल्मवरच्या खेळांची तिकिटं 2025 च्या जुलैतच विकायला काढली. वर्षभर आधी! आपण गणपतीच्या रेल्वे तिकिटासाठी इतक्या आधी उठत नाही.

हे सगळं मी भिशीत सांगितलं आणि वाटलं, आता सगळ्याजणी ‘काय बाई एकेक’ म्हणतील. पण नाशिकच्या काकू उसळल्या. त्र्यंबकेश्वरचे फाळके म्हणजे त्यांचा हळवा कोपरा.

‘वेड नवीन नाही,’ म्हणाल्या. ‘फाळक्यांनी 1912 साली विमा गहाण टाकून विलायतेहून कॅमेरा आणला. भांडवलदाराला पटवायला कुंडीत वाटाणा पेरला आणि त्याचा वेल वाढताना एकेक चौकट करून टिपला. कच्ची फिल्म यायची ती कडेला भोकं नसलेली. ती भोकं काळोखात कुणी पाडली? त्यांच्या पत्नी सरस्वतीबाईंनी. साठ-सत्तर माणसांचा स्वयंपाक उरकून. तुम्ही कुकरच्या तीन शिट्ट्यांनी दमता.’

सगळ्या गप्प. कोल्हापूरच्या वहिनी तेवढ्यात म्हणाल्या, ‘फाळक्यांनी कॅमेरा आणला. आमच्या बाबूराव पेंटरांनी घरी बनवला.’ झालं! नाशिक विरुद्ध कोल्हापूर. बटाटेवडे गार होईपर्यंत चाललं. शेवटी चिंचवडच्या ताईंनी विचारलं, ‘मग ते सिनेमे आहेत कुठे?’ आणि दोघीही थांबल्या.

कारण खरी लाजिरवाणी बातमी ती आहे. 1913 चा ‘राजा हरिश्चंद्र’ चार रिळांचा. आज उरली आहेत दोन, आणि तीही मूळची की फाळक्यांनी 1917 मध्ये पुन्हा केलेल्या चित्रपटातली, यावर अभ्यासक अजून भांडतात. बाबूराव पेंटरांचा 1925 चा मूकपट ‘सावकारी पाश’ गेला तो गेलाच. देशात तेराशेच्या वर मूकपट झाले, त्यातले तिसाच्या आत उरले. 1931 चा ‘आलम आरा’, आपला पहिला बोलपट, त्याचं एक रीळ नाही. पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाचे पी. के. नायर आयुष्यभर ट्रंका नि माळे धुंडाळत फिरले, तेव्हा ‘आलम आरा’ काढणाऱ्या अर्देशीर इराणींच्या मुलाने त्यांना सांगितलं की ती फिल्म चांदी काढायला दिली होती. पट्टीवरची चांदी खरवडायची आणि उरलेल्या पट्टीच्या, म्हणजे खऱ्याखुऱ्या सेल्युलॉईडच्या, बांगड्या करायच्या! तेव्हाच्या बायकांच्या हातांत नायिका किणकिणत असतील आणि त्यांना पत्ताही नसेल. ती जुनी नायट्रेट फिल्म पेटतेही कापरासारखी. 2003 च्या जानेवारीत पुण्यात प्रभात फिल्म कंपनीच्या जुन्या आवारात, म्हणजे फिल्म इन्स्टिट्यूटमध्ये, अशाच साठ्याला आग लागली आणि कितीतरी जुनी रिळं राख झाली. आत्ताच्या फिल्मला आपण सवयीने सेल्युलॉईड म्हणतो, पण ती तशी पेटत नाही. चांदी मात्र अजून आहे हो तिच्यात.

एवढं ऐकून माझा आवाज जरा उतरला, हे कबूल करते. पण आमच्याकडे गंभीर चर्चा पाच मिनिटांवर टिकत नाही. ताईंनी टीव्ही लावला. लग्नाची रिळं बाहेरगावी धुऊन, स्कॅन होऊन, अडीच महिन्यांनी आली होती. अडीच महिने! तोवर नवरा-नवरीचं पहिलं भांडण होऊन मिटलंही होतं.

काय होतं त्यात? आवाज नाही. एक काडतूस निम्मं लालसर, बिघडलेलं. अंतरपाटाचे नऊ सेकंद. नवरीचे वडील मांडवामागे एकटेच खुर्चीवर बसून बूट काढताना. सातशे माणसांचा एकही गट नाही. मग एकदम मी! जिलेबी उचलते, इकडेतिकडे बघते, आणि दुसरी उचलते. दोन सेकंद असतील. ह्यांनी थांबवून थांबवून पाहिलं. फोनवरचा व्हिडिओ असता तर मी हात जोडून पुसायला लावला असता. आता तो पट्टीवर आहे, नीट जपला तर शंभर वर्षं राहील, आणि पणतू म्हणतील की आमच्या पणजीला साखर होती ती उगीच नाही. पण खरं सांगू? त्या रंगात साडी अशी दिसत होती की मी चार वेळा मागे नेऊन बघितली. पाहुण्यांनी फोनवर काढलेले हजारो फोटो एका ग्रुपमध्ये पडून आहेत, ते कुणी उघडले असतील तर शपथ.

त्याच आठवड्यात मी पुण्याला सासरी फोन केला. माळ्यावर मामंजींचा पत्र्याचा डबा होता, आठ मिलिमीटरच्या रिळांचा. जाऊबाई म्हणाल्या, ‘तो होय? उघडला तर आंबूस वास आला. काहीतरी लोणच्याचं असेल म्हणून बाहेर ठेवलाय, उद्या भंगारवाला येतोय.’ मी इतक्या जोरात ओरडले की शेजारची हरयाणवी आजी धावत आली.

तो वास लोणच्याचा नसतो. जुनी फिल्म सडायला लागली की तिला व्हिनेगरचा वास सुटतो आणि तो शेजारच्या रिळांनाही बिघडवतो. तेव्हा तुमच्याही माळ्यावर असा डबा असेल तर आधी नाक लावून बघा. आंबूस असेल तो इतरांपासून वेगळा काढा, कोरड्या आणि गार जागी ठेवा, स्वतः उलगडायला जाऊ नका. राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय पुण्यात लॉ कॉलेज रोडवर आहे, 1964 पासून. तिथे एकदा विचारून बघा. आणि भंगारवाल्याला सांगा, रद्दी घेऊन जा, डबा राहू दे.