प्लंबर पर्यायात नाही

एमबीए प्रवेशाच्या कॅट परीक्षेच्या सराव प्रश्नांत एक नळ टाकी भरतो, दुसरा रिकामी करतो. भावी मॅनेजर तास मोजत बसतो. प्लंबरला बोलवा, हा पर्याय चारांत नसतोच. मग दूधवाला येतो. खरेदीच्याच भावाने विकून 25 टक्के नफा कमावणारा. मिश्रणात पाणी एक पंचमांश, हे पोरं तोंडी सांगतात; भेसळीबद्दल कुणी चकार शब्द काढत नाही. गोल टेबलावर आठ रुसलेली माणसं बसवायची असतात, जे आमच्याकडे लग्नात एखादी आत्या चहा पिता पिता उरकते. बरोबरला 3 गुण, पर्याय चुकला तर 1 वजा. म्हणून क्लासवाले आधी प्रश्न सोडवायला नाही, सोडून द्यायला शिकवतात. अहमदाबादच्या आयआयएमला पोचायच्या आतच निम्मी मॅनेजरकी आली म्हणायची!