टनेजवाले तात्या

गाळप हंगाम सुरू झाला की बारामती-इंदापूरच्या पट्ट्यात गावोगाव एक तात्या टपरीवर ठाण मांडतात. उसाची ट्रॉली दिसली रे दिसली की हे बशीतला चहा न सांडता सांगणार, "अठरा टन." काट्यावर सतरा भरले तर काटा मारलेला! भिगवणच्या काठावर उभं राहून ते उजनीचे टीएमसी सांगतात. सरकारी आकडा वेगळा निघाला तर म्हणतात, "गाळ धरला नसंल त्यांनी."

असे आमचे तात्या 28 फेब्रुवारीला, विज्ञान दिनाला, पुतणीबरोबर खोडदची जीएमआरटी दुर्बीण बघायला गेले. 45 मीटर व्यासाच्या 30 तबकड्या. तात्यांनी आधी एका तबकडीचं लोखंड किती टन असेल ते सांगून टाकलं. मग कळलं, की इथं दूरच्या दीर्घिकांमधला हायड्रोजन मोजतात.

"काटा कुठाय?"

"तात्या, काटा नाही. हायड्रोजन 21 सेंटीमीटरच्या लहरी सोडतो. लहरी किती आल्या त्यावरून वायू किती ते कळतं. फार लांबच्या दीर्घिका एकेकट्या दिसत नाहीत, म्हणून 2020 साली 7,653 दीर्घिकांचे संकेत एकत्र करून सुमारे 8 अब्ज वर्षांपूर्वीचा हायड्रोजन मोजला."

"म्हंजे सरासरी टनेज. पुढं?"

"वायू ताऱ्यांच्याही पलीकडं पसरलेला असतो आणि तिथंही फिरण्याचा वेग कमी होत नाही. म्हणजे न दिसणारं काहीतरी त्याला धरून आहे. त्याला कृष्णद्रव्याचं प्रभामंडळ म्हणतात."

न दिसणाऱ्या मालाचं वजन करणारी सरकारी माणसं आयुष्यात पहिल्यांदाच भेटली, म्हणून तात्या गहिवरले. "मग मंडळ जेवढं मोठं, तेवढा वायू जास्त!"

"आपल्या आकाशगंगेएवढ्या मंडळापर्यंत तसंच. त्यापुढं वायू तापतो, मधलं कृष्णविवरही तो थंड होऊ देत नाही. मधल्या मोठ्या दीर्घिकेकडं हायड्रोजन फारसा उरत नाही, बराचसा भोवतीच्या लहान दीर्घिकांकडं असतो."

"म्हंजे वाडा थोरल्याचा आन् माल भावकीकडं!"

"आणि भावकी फार आत शिरली तर तिचाही वायू ओरबाडला जातो."

"मग मी इतकी वर्षं काय सांगतोय?"

हल्ली टपरीवर उसाबरोबर दीर्घिकांचाही अंदाज मिळतो. परवा एकानं चेष्टेनं विचारलं, "तात्या, आपल्या आकाशगंगेचं टनेज किती?"

तात्यांनी वर बघितलं. "कृष्णद्रव्यासकट एक लाख कोटी सूर्य. थोडं इकडंतिकडं."

सगळे हसले. पुतणी मात्र गप्प होती. शास्त्रज्ञांचा आकडाही तोच आहे, आणि इकडंतिकडं म्हणजे कुठं दीडपट, कुठं निमपट.