साडेआठ मिलिमीटर

तंबूच्या खोक्यावर जे कुटुंब छापलेलं असतं, त्यातलं कोणीही कधी ओणवं झालेलं दिसत नाही. वडील घडीच्या खुर्चीत बसून काहीतरी पीत असतात, आई हसत असते, मुलं चेंडू खेळत असतात आणि मागे तंबू आधीच उभा असतो. तो कोणी उभा केला आणि उभा करताना घरातली माणसं एकमेकांशी काय बोलली, याचा चित्रात मागमूस नसतो. बाजूला बारीक अक्षरांत 'चार माणसांसाठी' असं लिहून माप दिलेलं असतं, २१० बाय २४० सेंटिमीटर. म्हणजे माणशी ६० सेंटिमीटर. एवढ्यात कूस बदलायची तर रीतसर ठराव मांडून बाकी तिघांची संमती घ्यावी लागते.

आमच्या साडूंनी असलाच एक तंबू कुठल्याशा दिवाळी सेलमध्ये घेतला होता. घेतल्यापासून तो त्यांच्या माळ्यावरच मुक्कामाला होता. मे महिन्याच्या शेवटी काजवे बघायला भंडारदऱ्याला जायचं ठरलं, तिथल्या खोल्यांचे शनिवार-रविवारचे दर कळले आणि साडूंना एकदम निसर्गाची ओढ लागली.

"खोल्या कसल्या घेता? घरचा तंबू आहे," ते म्हणाले.

रंगीत तालीम त्यांच्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये झाली. घुमटाच्या तंबूची रचना तशी साधी असते. फायबरग्लासचे दोन लांब पोल. प्रत्येक पोल म्हणजे हात-सव्वा हात लांबीचे पोकळ तुकडे आणि त्यांच्या पोटातून ओवलेलं इलॅस्टिक. तुकडे एकमेकांत बसवून दोन काठ्या करायच्या, त्या कापडावर फुली मारून वाकवायच्या आणि टोकं चार कोपऱ्यांत अडकवायची, की कापड वर उचललं जातं. सगळा डोलारा त्या काठ्यांच्या पुन्हा सरळ होण्याच्या हट्टावर उभा असतो. अट एकच. प्रत्येक तुकडा पुढच्याच्या धातूच्या नळीत पार तळापर्यंत बसला पाहिजे. अर्धवट बसला, तर वाकवताना सगळा ताण नळीच्या तोंडाशी येतो आणि फायबरग्लास उभं चिरतं. हे सगळं माहितीपत्रकात चित्रासह दिलेलं होतं. साडूंनी ते पत्रक फरशीवर पसरून त्यावर गुडघा टेकला होता.

काड् असा आवाज आला. वॉचमनने आधी गाड्यांकडे पाहिलं, मग आमच्याकडे.

पोलचा एक तुकडा गेला होताच, पण उजेडात आणल्यावर तंबूची बाकीची दुखणीही बाहेर आली. माळ्यावरचे उन्हाळे सोसून इलॅस्टिकचा जीव गेला होता. दाराची चेन चालत होती, पण मागे दार उघडंच राहत होतं. आणि आउटरच्या आतला, पाणी अडवणारा पॉलियुरेथेनचा लेप घडीत राहून राहून चिकट झाला होता. असा लेप जुना झाला की त्याला एक विशिष्ट वास येतो. सेक्रेटरी येऊन ड्रेनेजचं झाकण तपासून गेले. ताईंनी, म्हणजे माझ्या थोरल्या मेव्हणीने, अर्धा डबा टाल्कम पावडर मारून तो चिकटा घालवला. कापड सुटं झालं. पाणी अडवायचं काम आता पावडर करणार का, हा प्रश्न त्या दिवशी कोणाला सुचला नाही.

ज्या दुकानांत तंबू मिळतात तिथे आम्ही आधी गेलो. "पार्ट येत नाहीत. नवाच घ्या." कंपनीच्या हेल्पलाइनवरच्या मुलीने फार गोड आवाजात मॉडेल नंबर विचारला, तो बंद झाल्याचं त्याहून गोड आवाजात सांगितलं आणि नव्या मॉडेलवर सवलत देऊ केली. एका काठीसाठी अख्खा तंबू घ्यायचा हे साडूंच्या तत्त्वात बसत नव्हतं. ते अजून नळाचा वॉशर बदलून वापरणाऱ्या पिढीतले आहेत. मग आम्ही पेठांत उतरलो आणि हळूहळू ध्यानात आलं, की तंबूचे भाग तंबूची दुकानं सोडून सगळीकडे मिळतात. फक्त त्या ठिकाणी ते तंबूचे नसतात.

इलॅस्टिक तुळशीबागेत मिळालं. साडूंनी "गोल, तीन मिलिमीटर जाडीचं" असं शास्त्रशुद्ध सांगितल्यावर दुकानदार म्हणाला, "मास्कचं म्हणा की." २०२० साली भरलेला माल त्याच्याकडे रिळंच्या रिळं पडून होता. त्याने तो आम्हाला इतक्या स्वस्तात दिला, की आम्ही गरजेच्या चौपट घेतला. पोकळ काठीतून ते ओवायचं कसं, यावर साडू आणि मी चर्चा करत होतो. ताईंनी दोऱ्याला टाचणी बांधली, काठी उभी धरून टाचणी आत सोडली, ती खालून बाहेर आली, दोऱ्यामागे इलॅस्टिक आलं. आमची चर्चा तेव्हा प्रास्ताविकातच होती.

चेनवाला तर दारावरच आला. खांद्याला पिशवी, पिशवीत जगातल्या सगळ्या चेनींचे रनर. त्याने तंबूकडे ढुंकूनही पाहिलं नाही. नजर थेट चेनीवर. "पाच नंबर. रनर बदलायची गरज नाय." पकडीने रनरच्या दोन्ही कडा अलगद दाबल्या आणि चेन मिटायला लागली. रनर झिजून त्याचा जबडा सैल होतो, तो आवळला की दात पुन्हा धरतात. दहा रुपये घेऊन तो पुढच्या बिल्डिंगमध्ये गेला.

अडलं ते काठीपाशी. साडूंनी व्हर्नियर कॅलिपर लावून माप काढलं, साडेआठ मिलिमीटर. बोहरी आळीत हे माप उच्चारलं की समोरच्याच्या चेहऱ्यावर करुणा उमटायची. "आठ देतो, दहा देतो. साडेआठ कोण वापरतं?" लोखंडी सळई होती, पितळी नळी होती, पण ती एकदा वाकली की वाकलेलीच राहते. तपकीर गल्लीत एकाने वायरिंगचा पीव्हीसी पाइप काढून दिला. तो वाकलाही झकास, पण परत उठायची त्याची तयारी नव्हती. एका सज्जनाने पडद्याचा रॉड सुचवला आणि त्याबरोबर पडदेही. शेवटी बुधवारच्या जुन्या बाजारात, एका बंद घड्याळाच्या आणि एकुलत्या एका स्केटच्या मध्ये, फायबरग्लासचा पोल दिसला. कापड नव्हतं, पिशवी नव्हती, नुसता सांगाडा. तो तंबू कोणाचा आणि त्याचं कापड कुठल्या गावी कामाला लागलं, हे विक्रेत्याने सांगितलं नाही. माप भरलं सात दशांश नऊ. साडूंनी चिकटपट्टी गुंडाळून वरचे सहा दशांश भरून काढले.

भंडारदऱ्याला जाताना गाडीत नववीतल्या चिरंजिवांनी आमच्या ज्ञानात भर घातली. मुघल बादशहा प्रवासाला निघाला, की त्याच्याबरोबर डेऱ्यांचे दोन पूर्ण संच निघत. एकात मुक्काम चालू असताना दुसरा, म्हणजे पेशखाना, पुढच्या ठिकाणी उभा राहिलेला असे. औरंगजेबाबरोबर काश्मीरला गेलेल्या बर्निए नावाच्या फ्रेंच डॉक्टरने हे लिहून ठेवलंय. त्यातला एकेक संच वाहायला ६० हून अधिक हत्ती आणि २०० उंट लागत.

"म्हणजे सुट्या भागांचा प्रश्नच नाही," साडू हळहळले.

"नाही कसा? कळस!" चिरंजीव म्हणाले. १६८९ साली तुळापूरच्या छावणीत संताजी घोरपडे आणि विठोजी चव्हाण रात्री घुसले, बादशहाच्या डेऱ्याचे तणावे कापले आणि वरचे सोन्याचे कळस घेऊन गेले, ही बखरीतली हकिकत मराठी घरात कोणालाही सांगावी लागत नाही. बादशहा त्या रात्री मुलीच्या डेऱ्यात झोपायला गेला होता म्हणून वाचला, अशी पुस्तीही तिला आहे. ते कळस त्याने परत कुठून बसवले, हे मात्र कुठे वाचायला मिळत नाही. बोहरी आळी असती तरी "अर्धा तोळा कमी देतो" असंच काहीतरी ऐकावं लागलं असतं.

राजूर मागे टाकून शेंडीला आलो. तिथून १९२६ साली पुऱ्या झालेल्या विल्सन बंधाऱ्याच्या जलाशयाला वळसा घालत रतनवाडी. अमृतेश्वराच्या देवळापासून थोड्या अंतरावर एका मामांच्या भातखाचरात जागा मिळाली. खाचर पावसाळ्यात गुडघाभर चिखलाचं असतं, पण मेअखेरीस तिथे कुदळही टणकन उडते. तंबूबरोबर येणाऱ्या खुंट्या म्हणजे जाडसर तार. पहिल्या घावाला त्या वाकल्या, दुसऱ्याला त्यांचे आकडे झाले. मामा पडवीतून हे सगळं बघत होते. मग ते उठले, गोठ्यामागे गेले आणि लाकडाच्या चार जाड खुंट्या घेऊन आले. कुऱ्हाडीच्या पाठीने त्यांनी त्या चारही कोपऱ्यांत अशा ठोकल्या, की तंबू उडाला असता तर खाचर घेऊन उडाला असता.

"कशाच्या आहेत या?" बायकोने विचारलं.

"शेरडांच्या," मामा म्हणाले. "रातच्याला कोंडतोच त्यांना."

तंबू उभा राहिला. साडूंनी फोटो काढले. आणि रतनगडाकडून वाऱ्याचा एक झोत आला. जुन्या बाजारातला तुकडा चिकटपट्टीतून निसटला, त्याच्या शेजारचा चिरला आणि तंबू एका अंगावर बसला.

"राजूरला छत्रीवाला बसतो," मामा म्हणाले. "जावा, पाऊस तोंडावर हाय, आता असंल तो."

साडूंना छत्रीवाल्याचा संबंध पटला नाही, पण दुसरं कोणी उपायही सांगत नव्हतं. राजूरच्या बाजारात तो खरंच बसला होता. आजूबाजूला काळ्या छत्र्यांचा ढीग, बाजूच्या डब्यात काड्या, तारा, मुठी. आम्ही मोडका पोल आणि कापडाचा कोपरा त्याच्यासमोर ठेवला. त्याने सगळा प्रकार उलटसुलट करून पाहिला.

"काड्या हायेत, कापड हाय. दांडी कुठंय?"

"दांडी नसते याला."

"मग धरता कुठं?"

साडूंनी 'आत राहतात' असं समजावलं. त्याने मान डोलावली, पण ती समजल्याची नव्हती, गिऱ्हाईक बरोबर असतं या अर्थाची होती. मग त्याने मोडीतली तीन घडीची एक छत्री ओढली. तिची दांडी म्हणजे नळीत नळी, तिच्यात आणखी एक नळी. पहिली पोलवर चढवली, ती खुळखुळली. सगळ्यात आतली चढेचना. मधली गेली, आणि अशी गेली, की साडूंनी खिशातलं कॅलिपर बाहेर काढलं आणि तसंच परत ठेवलं. त्याने चिरलेली टोकं सारखी केली, नळीचा वीतभर तुकडा करवतीने कापला, तो मोडलेल्या जागेच्या दोन्ही बाजूंवर चढवला आणि पकडीने टोकं किंचित चेपली. मोजमाप नाही, पत्रक नाही.

"किती झाले?"

"चाळीस. मूठ बसवायची असंल तर वीस जास्त."

मूठ आम्ही नको म्हणालो. साडूंना ती बसवून घ्यायची होती असं मला वाटतं.

अंधार पडायच्या आत तंबू पुन्हा उभा राहिला, आणि या खेपेला वाऱ्याला त्याने दाद दिली नाही. काजवे त्या रात्री मनसोक्त होते. हिरड्याच्या, सादड्याच्या झाडांवर उजेडाची लाट एका फांदीवरून निघायची आणि झाडभर फिरून विझायची. नर माद्यांना बोलवत असतात, म्हणून दिवे बंद ठेवा असं नाक्यावर वनखात्याने बजावलं होतं. तरी एक गृहस्थ मोबाइलचा टॉर्च लावून "कुठे आहेत? मला तर एक दिसत नाही" असं म्हणत झाडाखाली फिरत होते.

मध्यरात्रीनंतर वळीव आला. घाटघरच्या अंगाने येणारा पाऊस कसा असतो हे सांगायला नको. पावडरीने पाणी अडवलं नाही. थेंब आधी माझ्या कपाळावर, मग ठराव न मांडता सगळ्यांच्या अंगावर पडू लागले. आम्ही पांघरुणं डोक्यावर घेऊन मामांच्या पडवीत पळालो. तिथे कोरडी जमीन होती, चुलीची ऊब होती आणि सगळ्यांना भरपूर सेंटिमीटर होते.

साडू मात्र पडवीच्या कडेला उभे राहून तंबूवर टॉर्च मारत होते. वारा घोंघावत होता, पाऊस आडवा येत होता, आणि छत्रीच्या नळीवर पेललेला तंबू इंचभरही झुकला नव्हता.

"बघा! उभा आहे की नाही?"

"उभा हाय," मामा म्हणाले. "पर आत कोन हाय?"

आत खरंच काहीतरी हालत होतं. कोंडवाड्याचं दार वाऱ्याने उघडलं होतं, बांधायच्या खुंट्या तंबूला होत्या, आणि चेन लावायची आठवण पळताना कोणाला राहिली नव्हती. साडू भिजत धावले. दारातून दोन शिंगं बाहेर आली, साडूंना बघून परत आत गेली. त्यांनी "हुर्र" केलं, टाळ्या वाजवल्या, शेवटी पुणेरी शुद्ध मराठीत विनंतीही करून पाहिली.

"ऱ्हाऊ द्या हो भाऊ," मामा पडवीतून ओरडले. "पाऊस हाय. आन चेन लावा तेवढी, न्हायतर कोल्हं येतंय."

साडू वाकले आणि त्यांनी चेन ओढली. पाच नंबरचा रनर अगदी शेवटपर्यंत गेला.