दात माझे, हिरड्या कुणाच्या?

माझे दात चांगले आहेत. हे मी म्हणत नाही, लोक म्हणतात. मी फक्त त्यांना म्हणायची संधी देतो. त्यासाठी फालतू विनोदालाही तोंडभर हसावं लागतं, ग्रुप फोटोत शेवटपर्यंत ओठ उघडे ठेवावे लागतात आणि लग्नाच्या पंगतीत चकलीचा पहिला आवाज आपल्याच पानावरून यावा याची काळजी घ्यावी लागते. साठीनंतर माणसाकडे मिरवण्यासारखं उरतं तरी काय? केस गेलेले, चष्म्याचा नंबर वाढलेला, हुद्दा निवृत्त झालेला. माझ्या निम्म्या वर्गमित्रांच्या गप्पा हल्ली इम्प्लांटवर सुरू होऊन ईएमआयवर संपतात. अशा वेळी मी काही न बोलता ऊस सोलतो. दातांनी.

त्यामुळे मुलीने दातांच्या डॉक्टरांकडे माझा नंबर लावला, तेव्हा मी गेलो तो पेशंट म्हणून नव्हे, तर नमुना म्हणून. डॉक्टर तिशीतल्या. त्यांनी दिवा वळवला, आरसा आत घातला आणि म्हणाल्या, "काका, दात छान आहेत हं." तोंडात आरसा असतानाही मी हसलो. मग त्या म्हणाल्या, "पण हिरड्या सुटताहेत."

हिरड्या! "काय सुरेख हिरड्या आहेत हो तुमच्या," असं कुणी कुणाला म्हटल्याचं आजवर ऐकलंय? नाटकात टाळ्या नटाला मिळतात. पडदा ओढणाऱ्याकडे लक्ष जातं ते पडदा अडकल्यावरच. डॉक्टरांनी मिलिमीटरच्या खुणा असलेली एक बारीक सळई घेतली आणि दात व हिरडी यांच्या फटीत ती घालत आकडे सांगायला सुरुवात केली. दोन, तीन, तीन, पाच, चार, सहा. कोपऱ्यातली मुलगी भराभर लिहून घेत होती. ३ मिलिमीटरपर्यंत ठीक, त्यापुढे हिरडीला खिसा पडला असं समजायचं. जन्मभर जास्त गुणांसाठी धडपडलेल्या माणसाने प्रत्येक वाढत्या आकड्याला मान खाली घालायची म्हणजे काय, ते मला त्या खुर्चीत कळलं. मान खाली घालायचीही सोय नव्हती. खुर्ची आडवी होती.

त्यांनी समजावलं ते असं. घासलेल्या दातांवरही काही तासांत जंतूंचा चिकट थर पुन्हा धरू लागतो. तो रोजच्या रोज निघाला तर काही बिघडत नाही. राहिला, तर लाळेतलं कॅल्शियम त्यात मुरतं आणि त्याचं कीटण होतं. मग ते ब्रशला दाद देत नाही. हिरडी सुजते, ब्रश लागला की रक्त येतं. रक्त दिसलं की आपण घाबरून तिथे घासायचं सोडतो, म्हणजे जिथे सफाई हवी नेमकी तिथेच ती थांबते. इथवरचं सगळं पूर्ववत होऊ शकतं. आतलं हाड झिजायला लागलं की मात्र ते आपोआप भरून येत नाही. आणि एवढं सगळं होईपर्यंत बहुतेक वेळा काही दुखत नाही! मला राग आला तो याचाच. दाढ निदान ठणकून सांगते. हिरडीचा कारभार सगळा अळीमिळी गुपचिळी.

मशीनने दात साफ करायचे ठरले, तेव्हा सकाळी फिरायला येणाऱ्या मंडळींनी एकमुखाने विरोध केला. "मशीन लागलं की दात हलायला लागतात," असं आमच्यातले एक निवृत्त इंजिनिअर म्हणाले. जन्मभर पूल बांधलेल्या माणसाचं म्हणणं डावलता येत नाही, म्हणून मी ते डॉक्टरांच्या कानावर घातलं. त्या म्हणाल्या, "काका, मशीनने दात हलत नाहीत. आधीच हललेला दात कीटणाच्या आधाराने उभा असतो, एवढंच." हे मी इंजिनिअरसाहेबांना सांगितलं आणि पुलांच्या बाबतीतही असंच असतं का, असं विचारलं. त्यांनी विषय बदलला.

मग घासण्याची शिकवणी. मी दात घासतो ते दातओठ खाऊन. ब्रश नेहमी 'हार्ड'. 'सॉफ्ट' ब्रश लहान मुलांसाठी आणि नव्या जावयांसाठी असतो, असा माझा समज. डॉक्टरांचा हुकूम नेमका उलटा: मऊ ब्रश, हिरडीच्या कडेला ४५ अंशांत तिरका, हलका हात, २ मिनिटं, सकाळी आणि रात्री झोपताना. तीन-चार महिन्यांनी नवा ब्रश. मी ऐकून घेणाऱ्यांतला नाही. तोंडातला कापूस सांभाळत मी म्हणालो, "आपल्याकडे वाग्भटाने अष्टांगहृदयात हे सगळं कधीच लिहून ठेवलंय. वड, खैर, करंज, रुई यांची काडी. १२ अंगुळं लांब, करंगळीच्या टोकाएवढी जाड. तुमच्या ब्रशाला नायलॉनचे केस आले १९३८ साली!" डॉक्टर म्हणाल्या, "पुढचं वाचा की." घरी येऊन वाचलं. पुढे लिहिलंय: सकाळी आणि जेवणानंतर, टोक मऊ केलेली काडी, हिरड्यांना इजा होऊ न देता. वाग्भटही त्यांना फितूर.

पण खरा घाव पुढेच होता. "पेस्ट थुंकून टाका, पण त्यानंतर चूळ भरू नका," डॉक्टर म्हणाल्या. पेस्टमधलं फ्लोराइड दातावर रेंगाळलं, तर कवचातून निघून गेलेलं खनिज भरून यायला मदत होते. पाण्याने ते वाहून जातं.

चूळ भरू नका! गिरगावच्या चाळीत वाढलेल्या माणसाला!

आमची चाळ कोंबड्यावर नव्हे, चुळीवर उठत असे. पहाटे तळमजल्यावरचे निवृत्त हवालदार सुरुवात करत. आधी गालातल्या गालात घुसळण, मग मान मागे टाकून घशातली घरघर आणि शेवटी असा खाकरा, की दुसऱ्या मजल्यावरची कबुतरं उडायची ती थेट ठाकुरद्वाराला बसायची. त्यांच्यामागून रेल्वेतले एक गृहस्थ. त्यांची चूळ आखूड आणि वक्तशीर. ती ऐकून शेजारची बिऱ्हाडं चहाचं आधण ठेवत. पहिल्या मजल्यावर गाणं शिकवणाऱ्या एक बाई राहत. आपल्या यजमानांची घरघर कायम काळी दोनमध्येच लागते, असं त्या कौतुकाने सांगत. नव्या सुनेला आठवडाभरात नुसत्या आवाजावरून माणसं ओळखू येत: सासऱ्यांची चूळ कुठली, चुलत सासऱ्यांची कुठली आणि गॅलरीत ताटकळत उभ्या असलेल्या पाहुण्यांची कुठली. कुणाची चूळ ऐकू आली नाही, तर लोक दार वाजवून विचारपूस करत.

आम्हा पोरांत चूळ किती लांब जाते यावर पैजा लागत. माकडछाप काळ्या पावडरीची चूळ काळी, वज्रदंतीची तपकिरी, राखुंडी लावणाऱ्यांची करडी. त्यामुळे गॅलरीच्या कठड्यावरून सुटलेली चूळ नेमकी कुठल्या बिऱ्हाडाची, हे खालून जाणाऱ्याच्या सदऱ्यावरून बिनचूक कळे. नळाला पाणी मोजून मापून यायचं. आंघोळीत, भांड्यांत, कपड्यांत काटकसर व्हायची. चुळीत काटकसर केलेली मी पाहिली नाही. वडील म्हणत, तोंडात पाणी खळखळलं नाही, तर हा माणूस उठलाय हे देवाला कळणार कसं?

आता मी रात्री बेसिनपाशी फेस थुंकतो, ओठ पुसतो आणि तसाच झोपायला जातो. हवालदार स्वप्नात येतात. बोलत काहीच नाहीत, नुसते बघतात.

खाण्याच्या बाबतीत मात्र डॉक्टरांशी माझे सूर जुळले. साखर किती खाता, याहून ती दिवसातून किती वेळा खाता, हे दातांना जास्त बाधतं म्हणे. प्रत्येक गोड घासानंतर किंवा घोटानंतर तोंडातले जंतू आम्ल तयार करतात आणि लाळेला ते निवळायला अर्धा-पाऊण तास लागतो. म्हणजे दिवसभर अर्धा अर्धा कप गोड चहा घेत राहणाऱ्यापेक्षा, एका बैठकीत चार बेसनाचे लाडू संपवणारा माणूस दातांपुरता तरी संयमी ठरतो. तेव्हापासून मी लाडू एका बैठकीत खातो.

हे सगळं ऐकताना मला एक वेगळाच राग येत होता आणि तो डॉक्टरांवर नव्हता.

माझ्या आईच्या दाढा चाळिशीतच गेल्या होत्या. 'बाळंतपणात गेल्या,' असं घरात सगळे म्हणत. तीही म्हणायची. मुलामागे एक दात, असा हिशेबच होता. मी धाकटा, वरची डावी दाढ माझ्या नावावर होती. मी हे गमतीने डॉक्टरांना सांगितलं, तेव्हा त्या पहिल्यांदाच जरा चिडल्या. पोटातलं मूल आईच्या दातांतून कॅल्शियम ओढून घेत नाही, म्हणाल्या. दिवस गेले की संप्रेरकं बदलतात, हिरड्या पटकन सुजतात, रक्त येतं. तेव्हा नीट सफाई ठेवली, वेळेवर दाखवलं, तर बाळंतपणापायी दात जायचं कारण नाही. म्हणजे आईची दाढ मी नेली नव्हती. तिच्याकडे कुणी बघितलं नव्हतं, एवढंच. त्याच वर्षांत वडिलांच्या दाढेवर सोन्याची टोपी बसली. आईची दाढ ठणकली की आधी लवंग, मग आत्याने आणून दिलेली मिशेरी आणि शेवटी 'काढून टाका'. मिशेरी म्हणजे तव्यावर काळी होईपर्यंत भाजलेली तंबाखू. आधी ठणका विसरायला म्हणून लावायची, मग ती सुटत नाही म्हणून लावायची. १९९२ साली सरकारने पेस्ट आणि दंतमंजनात तंबाखू घालायला बंदी केली. घरच्या तव्याला ती लागू झाली नाही. पुरुषांच्या चुळांनी चाळ दणाणत असताना बायका मोरीच्या कोपऱ्यात भिंतीकडे तोंड करून मिशेरी लावायच्या. त्यांच्या चुळीवरून कुणी कुणाला ओळखल्याचं मला आठवत नाही.

त्या रागाच्या भरात मी बायकोचा नंबर लावला. "माझं काय एवढं, बघू नंतर," ती म्हणाली. मी म्हटलं, नंतर नाही, आज. रिक्षात तिला स्त्रियांच्या दंतारोग्यावर एक छोटेखानी भाषणही दिलं. रिक्षावाल्याने आरशातून माझ्याकडे आदराने पाहिलं; निदान माझ्या दातांकडे तरी.

सळई फिरू लागली. दोन, दोन, तीन, दोन, दोन. कोपऱ्यातली मुलगी लिहिता लिहिता कंटाळली. दातांच्या फटींत ब्रश पोचत नाही, तिथे रोज दोरा फिरवायला हवा, हे मला याच खुर्चीत नव्याने कळलं होतं. बायको ते वर्षानुवर्षं करत होती. रात्री सगळ्यांची निजानीज झाली, ओटा आवरला, की बेसिनपाशी उभं राहून. "मुलीने त्या दोऱ्याची डबी आणली होती की," ती डॉक्टरांना म्हणाली. "यांनी त्याने शर्टाचं बटण लावलं." बटण अजून पक्कं आहे, हे मी तिथल्या तिथे दाखवून दिलं.

"काका, काकूंकडून शिकून घ्या," डॉक्टर म्हणाल्या.

"पण तिचा पुढचा एक दात जरा वाकडा आहे ना?" मी विचारलं.

"वाकडा आहे. पण घट्ट आहे."

बायकोला आता वर्षाने यायला सांगितलंय, मला दर तीन महिन्यांनी. घरी पोचता पोचता जिन्यात शेजारी भेटले. मी त्यांना सांगितलं, डॉक्टरांना माझे दात पुन्हा पुन्हा बघावेसे वाटतात.