झंझ राजांस कोल्हारच्या स्टँडवरून

प्रति,
श्रीमान झंझ राजे,
शिलाहार घराणे, उत्तर कोकण,
इसवी सनाचे दहावे शतक.

विषय : मंदिर एसटीच्या सोयीने न बांधल्याबाबत.

महाराज,

वरील विषयास अनुसरून कोल्हार भगवतीपूर, तालुका राहाता, जिल्हा अहिल्यानगर येथून हे जाहीर पत्र लिहीत आहे. आपण बारा शिवमंदिरं बांधल्याचा उल्लेख ताम्रपटात आहे. त्यातलंच एक प्रवरेच्या उगमाजवळचं, रतनवाडीचं अमृतेश्वर, असं आमच्याकडे परंपरेनं सांगतात. आपल्या भक्तीबद्दल शंका नाही. तक्रार आहे ती नियोजनाबद्दल.

पहिली तक्रार जागेची. देवाला नदीकाठ हवा, हे मान्य. पण प्रवरा आमच्या कोल्हारवरूनही वाहते. इथं नगर-मनमाड रस्ता आहे आणि शिर्डी जवळ आहे. इथं चार चिरे रचले असतेत, तर वाहनतळ, प्रसादाची दुकानं आणि दर्शनाची रांग आपोआप उगवली असती. आमच्या भगवतीमातेला हे कळलं होतं, म्हणून ती इथंच बसली. शेजारच्या शिर्डीला २०१७ मध्ये विमानतळ मिळाला, २०२२ मध्ये समृद्धी महामार्ग आला, २०२३ मध्ये मुंबईहून वंदे भारत धावू लागली. आपण मात्र रतनगडाच्या पायथ्याशी, करवंदीच्या जाळ्यांत जाऊन बसलात. आणि आता त्या सगळ्या मुलखाचं कळसुबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्य झालं आहे. म्हणजे बांधकाम वाढवायची सोयही आपण घालवलीत.

दुसरी तक्रार वाटेची. कोल्हार-घोटी राज्यमार्ग आमच्या गावातून सुटतो आणि लोणी, संगमनेर, अकोले, राजूर करत भंडारदऱ्याकडे जातो. पुढे शेंडीहून जलाशयाला वळसा घातला की रतनवाडी. नकाशावर रस्ता एकच दिसतो. एसटीनं निघालेला माणूस मात्र संगमनेरला उतरतो, अकोल्यात चौकशीच्या खिडकीशी मान वाकवतो आणि राजूरला चहा घेत ‘वरची गाडी कधी?’ असं विचारत बसतो. ९१६ साली बगदादचा प्रवासी अल् मसूदी चौलला आला आणि त्याच्या ग्रंथात आपलं नाव लिहून गेला. त्याला आपल्या राज्याची वेस सापडली, ती समुद्रानं आला म्हणून. कोल्हारहून निघाला असता, तर ग्रंथात राजूरच्या चहाचंच वर्णन उरलं असतं.

घाटमाथ्याकडची मुक्कामी गाडी संध्याकाळी वर चढते, रात्री गावात झोपते आणि उजाडताच खाली निघते. शाळा-कॉलेजची पोरं, कचेरीत कागद अडकलेले म्हातारे, बाजाराला निघालेल्या बाया, सगळ्यांना सकाळी खाली जायचं असतं. पाठीवर ढाऊस सॅक घेतलेल्या तरुणाला नेमकं उलटं हवं असतं, सकाळी वर आणि संध्याकाळी खाली. गावानं त्याच्यासाठी वेळापत्रक फिरवावं, असं त्याला मनापासून वाटतं. एका गावात दोन देव नांदतात, पण एका गाडीत दोन दिशा कशा नांदणार?

त्या गाडीतलं दृश्य आपण पाहायला हवं होतं. सॅक सीटवर आणि म्हातारी उभी! कंडक्टर तिकीट फाडत येतो. बायांना २०२३ पासून अर्धं तिकीट, पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना २०२२ पासून फुकट. गाडीत पूर्ण पैसे मोजणारा बहुधा हा सॅकवाला एकटाच, आणि आपण स्वस्तात फिरतो म्हणून खूश असणाराही हाच. ‘जंगलात हरवलेलं मंदिर शोधायला चाललोय,’ तो सांगतो. शेजारच्या आजी दर महाशिवरात्रीला तिथं जातात. देव हरवल्याचं त्यांना पहिल्यांदाच कळतं.

तिसरी तक्रार पाण्याची. पावसाळ्यात आपल्या गाभाऱ्यात पाणी भरतं, पिंड बुडते. हौशी माणसाला पिंडीसोबत फोटो काढता येत नाही, हा त्याच्यावर अन्याय आहे. शिवाय आपण मंदिर बांधलंत त्याच खोऱ्यात इंग्रज साहेबाला धरण बांधायचं होतं, याचा विचार केला नाहीत. १९२६ मध्ये भंडारदऱ्याचं विल्सन धरण पुरं झालं आणि महादेव कोळी, ठाकरांच्या या मुलखात पाणी पसरलं. तेच पाणी कालव्यांनी खाली आमच्याकडे आलं. त्यावर ऊस झाला, आणि त्या उसावर प्रवरेचा सहकारी साखर कारखाना उभा राहिला. पाण्याला कुठंही गाडी बदलावी लागली नाही. संगमनेरला उतरावं लागलं नाही, राजूरला थांबावं लागलं नाही. ते थेट आलं. आम्ही मात्र उलट दिशेनं तिकडं जातो ते काजव्यांच्या दिवसांत, स्वतःच्या मोटारीनं, हेडलाइट लावून. अंधारात चमकणारे किडे पाहायला उजेड घेऊन जाणारी जमात आपल्या राज्यात असल्याचा पुरावा मिळत नाही.

चौथी तक्रार श्रेयाची. इतकी कोरीव शिळा उभी केलीत, पण दात्याच्या नावाची ठळक पाटी लावायचं सुचलं नाही. परिणामी वाटेल तो जुना दगडी देव ‘हेमाडपंती’ म्हणून खपतो. हेमाडपंत देवगिरीच्या यादवांचे मंत्री, तेराव्या शतकातले. आपलं देऊळ जुनं आणि नाव त्यांचं. आमच्याकडे बसथांब्याच्या शेडवरसुद्धा आमदारनिधीचं नाव देवापेक्षा मोठ्या अक्षरात असतं. शिकण्यासारखं होतं.

सबब विनंती की, मंदिर आहे तिथंच राहू द्यावं. हलवायचं असेल तर आमची सवय हलवावी. एसटीची पहिली गाडी १ जून १९४८ रोजी याच जिल्ह्याच्या नगरहून पुण्याला सुटली. ‘आवडेल तेथे प्रवास’ नावाचा चार आणि सात दिवसांचा पास आजही मिळतो. अमृतेश्वर, हरिश्चंद्रगड, टाहाकारीची जगदंबा, अकोल्याचा सिद्धेश्वर, सगळं एका पासात बसतं. मात्र मुक्कामी गाडीनं संध्याकाळी वर जावं, गावात कुणाच्या घरी पैसे मोजून पिठलं-भाकरी खावी आणि उजाडता पोरांबरोबर खाली यावं. गावाच्या वेळेनं फिरलं की वेळापत्रक चुकीचं वाटत नाही.

आपला,
कोल्हारच्या स्टँडवरचा एक प्रवासी

प्रत माहितीसाठी :
१. प्रवरेचं पाणी पिणारे समस्त बागायतदार. नदीच्या माहेरी एकदा तरी, स्वतःची गाडी घरी ठेवून जावं.
२. सर्व सॅकधारी. रिकामी धावणारी गाडी पहिली बंद होते. पूर्ण तिकीट काढावं, सॅक मांडीवर घ्यावी, आणि आजींना जागा द्यावी.