टेलला पाणी

वेगाचं अप्रूप नाशिकजवळच्या ओझरला राहिलेलं नाही. लढाऊ विमानं बनवणारा हिंदुस्तान एरोनॉटिक्सचा (एचएएल) कारखाना इथे १९६४ पासून आहे. आधी मिग, मग सुखोई. विमान डोक्यावर आलं की बोलणारा अर्ध्या वाक्यावर थांबतो आणि आवाज विरला की तिथूनच पुढे चालू करतो. वर बघत राहिला तो पाहुणा. अशा गावात माझा संगणक एक साधा तक्ता उघडायला चहा गार होईपर्यंत वेळ लावतो.

दुरुस्तीवाल्या पोराने झाकण काढून निदान केलं, "काका, प्रोसेसर एक नंबर आहे. रॅम कमी पडतेय."

"मग तो एक नंबरवाला करतो काय?"

"वाट बघतो."

पोरगं चेष्टा करत नव्हतं. तीन गिगाहर्ट्झचा प्रोसेसर म्हणजे सेकंदाला तीन अब्ज ठोके. पण त्याच्या हाताशी रजिस्टर नावाचे मोजके कप्पे. बेरजेचे आकडे तर बाहेरून आणावे लागतातच, 'बेरीज कर' हा हुकूमही बाहेरूनच यावा लागतो. रॅममधून एक आकडा यायला साधारण शंभर नॅनोसेकंद, म्हणजे तीनशे ठोके फुकट. एक ठोका एक सेकंदाचा धरला, तर रॅमचं उत्तर पाच मिनिटांनी येतं, एसएसडीचं तीन-चार दिवसांनी, आणि जुन्या फिरत्या हार्ड डिस्कचं जवळपास वर्षाने. माझी डिस्क फिरती आहे. रॅम भरली की यंत्र काही सामान डिस्कवर नेऊन टाकतं आणि लागलं की परत मागवतं. चहाचा काय दोष?

ओझरच्या शेतकऱ्याला हे समजावून सांगायची गरज नाही. वाघाडचं धरण वर दिंडोरी तालुक्यात, आणि ओझर कालव्याच्या टेलला, म्हणजे शेवटच्या टोकाला. धरणात पाणी असायचं, वावरात नसायचं. बापू उपाध्ये, भरत कावळे आणि त्यांच्या समाज परिवर्तन केंद्राने इथे पाणी वापर संस्था उभ्या केल्या. पाणी मोजून घ्यायचं, पाळी आपसांत ठरवायची, बंधारे भरून विहिरींना पाझर द्यायचा. साठा वेलीच्या जवळ आला आणि द्राक्षबागा तगल्या. संगणकवाल्यांचीही तीच खटपट. डिस्क हे धरण, रॅम ही विहीर, आणि प्रोसेसरला अगदी खेटून कॅशे, वेलीच्या बुडाशी ठिबकणाऱ्या नळीसारखी. आत्ता लागलं ते लगेच पुन्हा लागेल, त्याच्या शेजारचंही लागेल, या भरवशावर ती भरून ठेवतात. भरवसा बहुतेक वेळा खरा ठरतो. मग सगळीच मेमरी कॅशेची का करत नाहीत? तिच्या एकेका बिटाला सहा ट्रान्झिस्टर लागतात, रॅमला एक. शिवाय साठा वाढला की तोही संथ होतो.

रॅमची खरी गंमत मला नंतर कळली. आयबीएमच्या रॉबर्ट डेनार्ड यांना १९६६ मध्ये सुचलेली ही रचना: एक ट्रान्झिस्टर, एक इवलासा कपॅसिटर, आणि त्यात विजेचा कणभर भार. हा भार गळतो. म्हणून प्रत्येक ओळ साधारण दर ६४ मिलिसेकंदांत वाचून पुन्हा लिहावी लागते. सेकंदाला पंधरा वेळा उजळणी, तीही जे विसरायचं नाही त्याची! आम्ही पावकीचे पाढे एवढे घोकले असते तर आज कॅल्क्युलेटर लागला नसता. आणि इतकं घोकूनही वीज गेली की पाटी कोरी.

मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत (टीआयएफआर) १९६० साली सुरू झालेल्या टिफ्रॅक या संगणकाचं तसं नव्हतं. त्याची मेमरी फेराइटच्या बारीक कड्यांची. वीज गेली तरी कडीतलं चुंबकत्व टिकायचं. जागा मात्र ४० बिटांच्या २०४८ शब्दांची, म्हणजे सगळी मिळून दहा किलोबाइट. नातेवाइकांच्या ग्रुपवरचा सकाळचा गुलाबाचा फोटोही त्यात मावणार नाही. तेवढ्या जागेत माणसं शास्त्राची गणितं सोडवत होती, मेमरीच्या घराघराचा हिशोब ठेवून.

आमच्या ब्राउझरला चाळीसेक टॅब कायम उघडे. द्राक्षाचे भाव, लग्नाचे हॉल, गुडघेदुखीवरचे व्यायाम, एक अर्धवट पाहिलेली मालिका. सगळ्यांनाच पाळी हवी. त्यातलं काय बंद करायचं यावर घरात एकमत होईना, म्हणून शेवटी रॅम वाढवायचं ठरलं.